सनबोर्ड नको, फोम बोर्ड घ्या: घरच्या घरी रिमोटचं पहिलं विमान

सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात जाऊन नुसतं “पांढरा बोर्ड द्या, मॉडेल बनवायचंय” म्हणालात, तर हातात सनबोर्ड येणार. दुकानदाराची चूक नाही. कॉलेजची प्रोजेक्टं, गणपतीची आरास, दुकानाच्या पाट्या, सगळं सनबोर्डचंच असतं. पण सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. तेवढ्याच आकाराच्या फोम बोर्डापेक्षा तो चार-पाच पट जड भरतो. माझं पहिलं विमान सनबोर्डचं होतं. दिसायला देखणं, कडा सुबक, वर लाल-पांढरे पट्टे. वजन केलं तेव्हा सव्वा किलो भरलं. पूर्ण थ्रॉटल देऊन फेकलं आणि ते पाच-सहा मीटरवर जाऊन नाकावर आदळलं. महिनाभराची मेहनत होती, आणि पडण्याचं कारण विमान बनवायला घ्यायच्या आधीच दुकानात ठरून गेलं होतं.

म्हणून या लेखात मोटर, रिमोट, बॅटरी यांच्याइतकंच वारंवार एक साधं हत्यार येईल: स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की पुरे. नसेल तर सामानाच्या यादीत तो पहिला लिहा.

काय बनवणार आहोत

वरच्या बाजूला पंख असलेलं, साधं, हळू उडणारं शिकाऊ विमान. पंखाची लांबी १०० सेमी, रुंदी २० सेमी, धड ७० सेमी. पंखावर हलणाऱ्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, नाहीत. वळायला फक्त मागचं रडर, वर-खाली व्हायला एलिव्हेटर आणि वेगाला मोटर, असे तीनच चॅनेल. पंख दोन्ही टोकांकडे थोडे वर उचललेले. या उचललेपणामुळे विमान एका बाजूला कललं तरी आपणहून सरळ व्हायला बघतं, आणि नवख्या माणसाला विचार करायला दोन सेकंद मिळतात. शिकताना त्या दोन सेकंदांवरच सगळं असतं.

तयार विमान बॅटरीसकट ६५० ते ७०० ग्रॅममध्ये बसलं पाहिजे. पंखाचं क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ३३ ते ३५ ग्रॅम भार येतो. शिकाऊ विमानाला हा ठीक आहे. पंचेचाळीसच्या वर गेलात की विमानाला हवेत राहायलाच पळावं लागतं, आणि पळणारं विमान नवख्याला आवरत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरायला हवी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, त्यात मार्च ते मे चाळिशीच्या वरचा उन्हाळा. उंची आणि उष्णता मिळून इथली हवा पुस्तकी हवेपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी जास्तच विरळ होते. समुद्रकाठी जे विमान आरामात तरंगतं, ते इथे मे महिन्यात दुपारी जड वाटतं. त्यामुळे परदेशी व्हिडिओत बघून “तिकडे उडतंय, मग इथेही उडेल” असं धरू नका. आपण पन्नास ग्रॅम कमीच बरे.

सामान

फोम बोर्ड म्हणजे दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये हलका थर्माकोलसारखा फोम, जाडी ५ मिमी. ५० × ७० सेमीचे चार तक्ते घ्या. तिनात विमान होतं, चौथा चुकांसाठी. घेताना तक्ता एका कोपऱ्यात धरून आडवा करा. स्वतःच्या वजनाने फार लवला तर फोम कच्चा आहे. डोळ्यासमोर धरून कडेने बघा, आधीच वाकलेला तक्ता घेऊ नका, कारण वाकलेल्या तक्त्याचा पंख कधी सरळ होत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स सोलापुरात सगळं एका जागी मिळेलच असं नाही, मी बरंचसं ऑनलाइन मागवतो. ब्रशलेस मोटर २२१२ या मापाची, १००० केव्हीची. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला बिनभाराचे किती फेरे, एवढाच अर्थ. तिला १० × ४.५ चा प्रॉपेलर, म्हणजे १० इंच व्यास आणि ४.५ इंच पिच (एका फेऱ्यात तो कागदोपत्री जेवढा पुढे सरकतो ते अंतर). प्रॉपेलर तीन-चार घ्या, ते मोडतातच. ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ज्यात रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा ५ व्होल्टचा बीईसी आतच असतो. ९ ग्रॅमचे दोन सर्वो, म्हणजे रडर आणि एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी. ३ सेलची, ११.१ व्होल्टची, १३०० ते १५०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, आणि सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, निदान चार चॅनेलचा, विमानात बसणाऱ्या रिसीव्हरसकट. मी फ्लायस्काय एफएस-आय६ वापरतो. सहा चॅनेल आहेत आणि पुढची चार-पाच विमानं त्याच्यावरच होतात. खर्चाचा निम्मा भाग रिमोटचा असतो, पण तो विमानाबरोबर मोडत नाही, त्यामुळे तिथे काटकसर करू नका.

बाकी घरातलं आणि गल्लीतलं: कटर आणि भरपूर नवी पाती, स्टीलची मोठी पट्टी, ग्लू गन, फेविकॉल, फायबर टेप, बांबूच्या काड्या, सायकलच्या दुकानातले दोन जुने स्पोक, जुनं एटीएम कार्ड, रबरबँड, सुताराकडून ३ मिमी प्लायचा हातभर तुकडा. आणि सूत. सोलापुरात सुतासाठी कुठे जायला लागत नाही. आमच्या मागच्या गल्लीत अजून माग चालतात, तिथून मागितलं की बॉबिनवर उरलेलं देतात.

फेविक्विक या फोमला लावू नका. ते फोम विरघळवतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. तसाच स्प्रे पेंट आणि चपलांना लावायचा सोल्युशनवाला गोंद. मोठ्या जागेला फेविकॉल, पटकन धरायच्या ठिकाणी ग्लू गन.

कापणं

नव्या माणसाला घाई होते ती इथेच. कटर उभा धरून जोर लावला की पातं फोमला कापत नाही, ओढतं. कुर्र असा आवाज येतो आणि कडेला दाणे निघतात. कटर आडवा धरायचा, तक्त्याशी तीस-पस्तीस अंशांत. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद. दुसरीत फोम. तिसरीत खालचा कागद. तीनही वेळा हात हलका. माझी भाची पहिल्यांदा बसली तेव्हा पट्टीवर तिचा अंगठा पुढे आला होता. “मामा, असंच धरते की मी शाळेत,” म्हणाली. मी पट्टीच्या मागच्या कडेला जाड पुठ्ठा चिकटवून दिला, तेव्हापासून बोटं आपोआप त्याच्यामागे राहतात. मुलांबरोबर करणार असाल तर हे आधी करा.

प्रत्येक दहा-बारा कापांनंतर पात्याचं टोक मोडा. पाती स्वस्त आहेत. बोथट पात्याने केलेली कड पुढे गोंद धरत नाही.

पंख

यालाच वेळ द्या. धड वेडंवाकडं असलं तरी विमान उडतं, पंख पिळलेला असेल तर उडत नाही.

पंख दोन भागांत करायचा, प्रत्येक ५० सेमीचा. एका भागासाठी ५० × ४१ सेमीचा तुकडा कापा. एका लांब कडेपासून १९ सेमीवर रेघ, तिच्यापुढे १ सेमीवर दुसरी. उरले २१ सेमी. पहिले १९ सेमी पंखाचा तळ, शेवटचे २१ सेमी पंखाची पाठ, आणि मधला १ सेमी म्हणजे पंखाची पुढची कड. त्या एक सेमीच्या पट्ट्यातला वरचा कागद आणि फोम काढून टाकायचा, खालचा कागद तसाच ठेवायचा. तो कागद बिजागरीसारखा काम करतो, आणि तळ व पाठ, ५ मिमी अधिक ५ मिमी, एकमेकांवर नीट बसतात. फोम काढताना चमचा उलटा धरून खरवडा, पात्याने गेलात तर कागद फाटतो.

आता पाठीच्या भागाचा आतल्या बाजूचा कागद सोला. कोपऱ्यातून नख घालून सावकाश, सगळा निघाला नाही तरी चालेल. एका बाजूचा कागद गेला की तक्ता टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढून वाकवता येतो, आणि वजनही थोडं उतरतं. दोन्ही मागच्या कडा आतून तासून तिरप्या करा, म्हणजे मिटल्यावर मागची कड पातळ येते.

तळाच्या भागावर पुढच्या कडेपासून ६ सेमीवर २.५ सेमी रुंद पट्टी लांबीभर चिकटवा, तिच्यावर तशीच दुसरी. हा पंखाचा कणा. त्याने पंखाला ताकद येते आणि पाठीला बाक मिळतो. बाकाच्या वरून जाणारी हवा जास्त वेगाने जाते, तिचा दाब कमी होतो, शिवाय पंख हवेला खाली ढकलतो. उचल या सगळ्यातून येते. सपाट तक्ताही उडतो म्हणा, पण बाकदार पंख कमी वेगात उडतो, आणि आपल्याला कमी वेगच हवा आहे.

कण्यावर आणि मागच्या कडेवर फेविकॉल लावून पाठ मिटवा, सपाट फरशीवर ठेवा, वर पुस्तकं रचा. रात्रभर हात लावू नका. मी एकदा ग्लू गनने पाच मिनिटांत मिटवला. एका टोकाला गोंद लवकर गार झाला आणि पंखाला पीळ बसला. मागावर ताणा एका बाजूला ढिला राहिला तर कापड कसं तिरकं जातं, अगदी तसा. विमान दर वेळी डावीकडेच पडायचं आणि मला वाटायचं की माझा हात चुकतोय. तपासायची रीत सोपी: पंख डोळ्याच्या रेषेत मागून धरा. मागची कड आणि पुढची कड मधोमध आणि टोकाला सारखी दिसली पाहिजे. टोकाला एखादी कड वर-खाली दिसली तर वाफेवर धरून उलटा पीळ देता येतो, पण त्यापेक्षा नवा पंख करणं सोपं.

दोन्ही भाग जोडताना एक सपाट ठेवा, दुसऱ्याच्या टोकाखाली १० सेमी उंचीचा डबा. म्हणजे तयार पंखाचं प्रत्येक टोक ५ सेमी वर येतं. जोडाच्या कडा त्याच कोनात तासून घ्या. आत कण्याला लागून प्लायचा, मधे तेवढाच वाकलेला, २० सेमी लांब आणि १ सेमी उंच तुकडा बसवा. उडताना सगळा भार या तुकड्यावर येतो, इथे फोमवर विसंबू नका. बाहेरून जोडावर खाली-वर फायबर टेप.

जोडलेला पंख काट्यावर ठेवा. २४० ग्रॅमच्या आत असेल तर छान. वर गेला असेल तर बहुधा गोंद जास्त झालाय.

धड आणि शेपूट

हे पटकन होतं. ७० × ९ सेमीच्या दोन बाजू, पंखाच्या मागून शेपटीकडे ४ सेमीपर्यंत निमुळत्या. मधे ६ सेमी रुंद तळ. पुढे बॅटरी ठेवायला वरचं झाकण उघडं. नाकाला प्लायची भिंत, तिच्यावर मोटर. ही भिंत ग्लू गनने चिकटवून सोडू नका. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या विमानाचा ग्लू इतका मऊ पडतो की मोटर हाताने हलते. माझ्या एका विमानाची मोटर हवेत असताना भिंतीसकट सुटली, तारांना लोंबकळत राहिली. तेव्हापासून भिंतीला फेविकॉल, आरपार बांबूच्या चार काड्या आणि बाहेरून फायबर टेप असं तिन्ही करतो.

मोटर बसवताना वरच्या आणि डाव्या बाजूच्या स्क्रूखाली वॉशर घाला, म्हणजे मागून पाहता मोटर दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे बघेल. थ्रॉटल वाढवलं की विमान नाक वर काढतं आणि डावीकडे ओढतं, ते यातून बरंच आवरतं.

पंखाची पुढची कड धडाच्या नाकापासून १५ सेमीवर येईल अशी जागा ठरवा. तिच्या दीड सेमी पुढे आणि पंखाच्या मागे दीड सेमीवर धडातून आरपार एकेक जाड बांबूची काडी, दोन्ही बाजूंना २ सेमी बाहेर. पंख या काड्यांना चार ते सहा रबरबँडांनी बांधायचा, चिकटवायचा नाही. पडल्यावर रबरबँड सुटतात, पंख बाजूला उडतो आणि दोन्ही वाचतात.

शेपटीचा आडवा भाग ४० × १२ सेमी, त्यातले मागचे ४ सेमी एलिव्हेटर. उभा भाग १६ सेमी उंच, १३ सेमी रुंद, त्यातले मागचे ५ सेमी रडर. आडव्या भागाची बिजागरी धडाच्या टोकाशी येऊ द्या, एलिव्हेटर मागे बाहेर राहील. बिजागरीसाठी एका बाजूचा कागद आणि फोम कापा, दुसऱ्या बाजूचा कागद ठेवा, कड ४५ अंशांत तासा, आणि त्या कागदावर टेप लावा. चिकटवण्याआधी मागून बघा: आडवी शेपूट पंखाशी समांतर, उभी शेपूट तिच्याशी काटकोनात. भाचीला लांब उभं करून विचारतो, “सरळ आहे का गं?” तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.

सर्वो, काड्या आणि तारा

सर्वो पंखाच्या मागच्या कडेखाली धडात. तिथून शेपटीपर्यंत साधारण पस्तीस सेमी. एक स्पोक तेवढा पुरत नाही, म्हणून मधे बांबूची काडी आणि दोन्ही टोकांना स्पोकचे आठ-आठ सेमीचे तुकडे. तुकडा काडीला लावून सूत घट्ट गुंडाळायचं, वर फेविकॉल. वाळलं की दगडासारखं होतं. टोकाला पकडीने झेडसारखा बाक द्या. एटीएम कार्डाच्या तिकोनी तुकड्याला भोक पाडून तो एलिव्हेटरला आणि रडरला रोवा, हा झाला हॉर्न. भोक तारेच्या जाडीचंच असू द्या. खुळखुळ राहिली तर विमान सरळ जात नाही.

जोडण्या: ईएससीच्या तीन तारा मोटरला कशाही लावा. मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. प्रॉपेलरवरचे आकडे पुढच्या बाजूला आले पाहिजेत. ईएससीची छोटी तार रिसीव्हरच्या तिसऱ्या चॅनेलला, एलिव्हेटर दुसऱ्याला, आणि रडर पहिल्याला. पहिला चॅनेल खरं तर एलेरॉनचा, पण आपल्या विमानाला ते नाहीत. रडर तिथे लावलं की वळणं आणि वर-खाली दोन्ही उजव्या स्टिकवर येतात, आणि पुढे एलेरॉनचं विमान घेतलंत तर हाताची सवय मोडावी लागत नाही.

हे सगळं तपासताना प्रॉपेलर काढून ठेवा. टेबलावर, अंगणात, कुठेही. बॅटरी जोडल्यावर दहा इंची प्रॉपेलर मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि बोटावर आला तर हाडापर्यंत जातो. मैदानावर पोचल्यावर शेवटी लावायचा.

स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर जायला हवं. उजवीकडे नेली की मागून पाहता रडर उजवीकडे. उलट होत असेल तर रिमोटमधून रिव्हर्स करा. एलिव्हेटर वर-खाली १२ मिमी, रडर दोन्हीकडे २५ मिमी हललं की पुरे. एक्स्पो, म्हणजे स्टिक मधल्या जागेजवळ असताना तिचा परिणाम सौम्य करणारी रिमोटमधली सोय, ३० टक्के ठेवा. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय व्हावं त्या सेटिंगमध्ये, थ्रॉटल शून्य लावा, मग रिमोट बंद करून खात्री करा.

तोल

विमान पूर्ण झालं, बॅटरी आत, पंख बांधलेला. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेमीवर दोन्ही बाजूंना पेनाने टिंब काढा. त्या टिंबांखाली एकेक बोट धरून विमान उचला. नाक किंचित खाली झुकून स्थिर राहिलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. सरकवायला जागा नसेल तर नाकात वजन घाला, मी जुने नटबोल्ट टेपने बांधतो. वजन वाढतंय म्हणून जीवावर येतं, पण शेपूटजड विमान रिमोटला दाद देत नाही. नाकजड विमान कंटाळवाणं उडतं, एवढंच. तोल ५ ते ५.५ सेमीच्या मध्ये असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

बॅटरीची जागा ठरली की धडाच्या आत रेघ मारून ठेवा. दर वेळी तिथेच.

कुठे उडवायचं

पार्क मैदान नाही, होम मैदान नाही, गच्ची तर नाहीच. २०२५ मध्ये होटगी रोड विमानतळावरून प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीपर्यंत परवानगीशिवाय असं काही उडवता येत नाही, ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा, असं २०२१ चे ड्रोन नियम सांगतात. शहर जवळपास सगळंच त्या आठ किलोमीटरच्या आत येतं. निघण्याआधी सरकारी नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात आहे ते बघा, नकाशा बदलत असतो. त्या धावपट्टीच्या वाटेत येते म्हणून २०२३ मध्ये साखर कारखान्याची एवढी मोठी चिमणी पाडली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फोमचं विमान छोटं असलं तरी त्याच हवेत असतं.

दुसरी न जाण्याची जागा म्हणजे बार्शी रोडला नान्नज-मार्डीकडची माळरानं. बघून मोह होतो, सपाट, मोकळी, झाड नाही. पण ती माळढोकाच्या अभयारण्याची जमीन आहे. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. डोक्यावरून घोंघावणारी वस्तू त्यांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते. तिथे जाऊ नका.

आम्ही मोहोळच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जातो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय ओ, ड्रोन हाय का? मोजणीला आलाय काय?” खेळण्याचं विमान म्हटल्यावर हसले, आणि आता बांधावर बसून बघतात. विचारल्याशिवाय कुणाच्या रानात जाऊ नका, माणसं खरंच धास्तावतात. ज्वारी काढल्यानंतरचं रान टाळा: धसकटं फोममध्ये सुयांसारखी घुसतात. गवताळ पडीक सगळ्यात चांगलं, नांगरलेली काळी जमीनही मऊ असते.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट इथे वारा दिवसभर थांबत नाही, त्या महिन्यांत नवख्याने विमान बांधावं, उडवू नये. रिमोटच्या अँटेनाला वीतभर सूत बांधा. ते सरळ आडवं होत असेल तर घरी परता.

पहिलं उड्डाण

आधी मोटर न लावता, गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, खांद्याच्या उंचीवरून हलकेच सोडा. भाला फेकतो तसं सरळ, वर नाही. दहा-बारा मीटर सरळ तरंगत गेलं तर काम झालं. नाक वर करून थबकलं आणि आपटलं तर शेपूट जड. सरळ खाली गेलं तर नाक जड. बॅटरी पाच मिमी सरकवा, पुन्हा सोडा. मी हे सात-आठ वेळा करतो.

मग प्रॉपेलर लावा. फेकायला दुसरा माणूस घ्या, तुमचे दोन्ही हात रिमोटवर हवेत. त्याने विमान पंखाच्या मागे, धडाला खालून धरायचं, हात प्रॉपेलरपासून लांब. थ्रॉटल पाऊण. मोटरचा आवाज एका सुरात आला की “सोड!” म्हणा.

ते पहिले तीन सेकंद लक्षात राहतात. विमान हातातून निघतं, थोडं खाली बसतं, गवताच्या शेंड्यांपर्यंत येतं आणि मग पंखाखाली हवा धरल्यासारखं वर चढायला लागतं. त्या बसण्याला घाबरून स्टिक जोरात ओढू नका. वेग येण्याआधी नाक वर गेलं की पंख हवा सोडतो आणि विमान एका अंगावर कोसळतं. पंख सपाट ठेवा आणि थांबा.

तीसेक मीटर उंची आली की थ्रॉटल अर्ध्यावर, आणि मोठ्ठे लंबगोल. विमान वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तुमच्या समोरच असू द्या, पाठीमागे किंवा सूर्यावर जाऊ देऊ नका. आपणहून एका बाजूला जात असेल तर ट्रिम, म्हणजे स्टिकशेजारचं बारीक सुधारणेचं बटण, दोन-दोन टिकांनी हलवा.

विमान तुमच्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि पहिली पडझड बहुतेक तिथेच होते. मला एक युक्ती कामाला आली: जो पंख खाली पडतोय, त्याला काठीचा टेकू दिल्यासारखी स्टिक त्याच बाजूला न्यायची. डोक्यात उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. गोंधळलात तर थ्रॉटल कमी करा आणि स्टिक सोडा. उंची असेल तर उचललेले पंख विमान सरळ करतात.

पाच मिनिटांचा गजर लावून ठेवा. गजर झाला की वाऱ्याच्या तोंडाला सरळ रेषेत या, थ्रॉटल कमी करत करत उतरा, नाक किंचित खाली ठेवा. जमिनीपासून अर्धा मीटर राहिलं की थ्रॉटल पूर्ण बंद आणि स्टिक जराशी मागे. चाकं नाहीत, पोटावर घसरतं. प्रॉपेलर आडवा थांबला तर वाचतो.

बॅटरी आणि डागडुजी

लिपोचा एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३.५ च्या खाली नेऊ नये. पूर्ण उतरवलेली लिपो फुगते, आणि फुगलेली वापरायची नाही. १३०० एमएएचला १.३ अँपिअरनेच चार्ज करा, बॅलन्स तार लावून, मातीच्या कुंडीत, शेजारी वाळूचं घमेलं, आणि समोर बसून. रात्री लावून झोपू नका. वापर झाला नाही तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत बॅटरी राहिली की तिचं आयुष्य त्या एका दुपारीच जातं, म्हणून मी येताना ती पिशवीत, ओल्या फडक्यात न गुंडाळता, नुसती सावलीत घेऊन येतो.

पडल्यावर आधी बॅटरी काढा, मग तुकडे गोळा करा, सगळे, अगदी नखाएवढेही. फोम स्वच्छ तुटला असेल तर त्याच तुकड्याने तो परत जुळतो आणि वजन वाढत नाही. फेविकॉल, वर टेप, रात्रभर दाब. दुरुस्तीनंतर विमान पुन्हा काट्यावर आणि पुन्हा दोन बोटांवर. शेपटीजवळ गोंदाचे दहा ग्रॅम वाढले तरी तोल मागे सरकतो. मी धडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि वजन लिहितो. सध्याच्या विमानात अकरा ओळी आहेत, पहिली ६६२ ग्रॅमची आणि शेवटची ७१८ ची. साडेसातशेला पोचलं की मोटर, सर्वो, रिसीव्हर काढून नव्या धडात घालायचे, आणि भाचीने त्यासाठी तक्ते आत्ताच कापून ठेवलेत.